गाणं सुरू असताना रॅकच्या मागे जायचं नाही

माझ्या कोथरूडच्या फ्लॅटमध्ये मागच्या बाजूला १० बाय १२ फुटांची खोली आहे. तिथं बसून मी ध्वनिमुद्रण करते. ख्याल, अभंग, नाट्यपदं, कधी एखाद्या कादंबरीचं वाचन. गाणारी मंडळी शेजारच्या मोठ्या खोलीत बसतात आणि माइकच्या केबल मधल्या भिंतीतून माझ्याकडं येतात. माझ्या उजव्या हाताला लोखंडी रॅक आहे. त्यात आठ माइकांचा प्रीअँप, दोन कॉम्प्रेसर, एक इक्वलायझर, एक रिव्हर्ब आणि आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणारा-आणणारा १६ वाटांचा ऑडिओ इंटरफेस आहे. या सगळ्यांच्या मधोमध, बसल्या जागेवरून हात पोचेल अशा उंचीवर, सॉकेटच्या दोन रांगा असलेली एक काळी पट्टी आहे. वर २४ सॉकेट, खाली २४. हिला पॅचबे म्हणतात.

घरी स्टुडिओ करू बघणारी तरुण मुलं-मुली माझ्याकडं येतात, माइकबद्दल भरभरून बोलतात, स्पीकरबद्दल बोलतात. या पट्टीबद्दल सहसा कुणी विचारत नाही. मला मात्र स्टुडिओत सगळ्यांत जास्त विचार करून करायची गोष्ट हीच वाटते. गायिकेचा सूर लागला त्या क्षणी मी गाणं ऐकत असेन की टॉर्च घेऊन रॅकच्या मागे केबल चाचपत असेन, ते या पट्टीवर ठरतं. कोणतं सॉकेट कशाला जोडायचं हे ठरवताना आपण कुणाचं काम करतो आणि कसं करतो, याचा हिशेब मांडावाच लागतो. म्हणून घरच्या स्टुडिओच्या वायरिंगबद्दल लिहायचं तर मी पॅचबेपासूनच सुरुवात करेन.

रॅकमधली यंत्रं काय करतात

माइकमधून निघणारा विद्युत संदेश अगदी नाजूक, काही मिलिव्होल्टचा असतो. प्रीअँप तो वाढवून ‘लाइन’ पातळीला आणतो. व्यावसायिक यंत्रांत ही पातळी साधारण १.२३ व्होल्ट धरलेली असते, घरगुती यंत्रांत ०.३२ व्होल्टच्या आसपास. त्यापुढं कॉम्प्रेसर. आवाज ठरवलेल्या मर्यादेपलीकडं गेला की तो आपोआप खाली घेतो. ख्यालाच्या मुद्रणात याची किंमत कळते. मंद्र सप्तकातली आलापी कानाशी बोलल्यासारखी असते आणि तार षड्जावरची तान माइक हादरवून जाते. हे दोन्ही एकाच गळ्यातून, एकाच माइकसमोर, काही मिनिटांच्या अंतरानं येतं.

कॉम्प्रेसरच्या दोन जुन्या रचना आजही जगभर वापरात आहेत. एक १९६०च्या दशकातली ‘एलए-टू-ए’, जिम लॉरेन्स यांनी बांधलेली. तिच्यात आवाजाबरोबर उजळणारी छोटी प्रकाशपट्टी असते आणि त्या प्रकाशावर चालणारा रोधक आवाज आवरतो. तिचं आवरणं सावकाश, मृदू असतं. दुसरी बिल पुटनम यांची १९६७ सालची ‘११७६’. ती ट्रान्झिस्टरवर चालते आणि २० मायक्रोसेकंद इतक्या वेगानं आवाज पकडू शकते. माझ्याकडं या दोन रचनांवर आज बांधली जाणारी यंत्रं आहेत. पहिलं मी गळ्यासाठी वापरते, दुसरं तबल्यासाठी, कारण चाटेवरचा बोल क्षणात येतो आणि क्षणात जातो.

या यंत्रांच्या नकला सॉफ्टवेअरमध्ये मिळतात आणि त्या चांगल्या आहेत. तरी मी गळ्याचा कॉम्प्रेसर यंत्रातच ठेवला आहे, तो गाणाऱ्यासाठी. कॉम्प्युटरमधून फिरून येणारा आवाज थोडा उशिरा येतो. सेकंदाला ४८,००० नमुने घेणाऱ्या मुद्रणात कॉम्प्युटर एका वेळी २५६ नमुन्यांचा गठ्ठा हाताळत असेल, तर एका फेरीतच सुमारे ५.३ मिलिसेकंद जातात, आणि जाणं-येणं धरून ते दुपटीच्या पुढं जातं. हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज इतका मागून आला की बारीक हरकती घेणारा गायक अस्वस्थ होतो. यंत्रातून सरळ जाणाऱ्या आवाजाला हा उशीर नसतो. आवाज आवरलेला, सुखद ऐकू आला की गायकही मोकळा होतो आणि खर्जात उतरताना माइककडं झुकायचं थांबवतो.

आता अडचण कुठं येते पाहा. या प्रत्येक यंत्राच्या पाठीमागं आत जाणारी आणि बाहेर येणारी सॉकेट असतात. आज कॉम्प्रेसर गळ्याला हवा, उद्या पेटीला. प्रत्येक वेळी रॅक पुढं ओढायचा, मागं वाकायचं, केबल उपसायची, दुसरीकडं खुपसायची. सॉकेट सैल होतात, एखादी शेजारची केबल निसटते. पॅचबे या सगळ्या सॉकेटना पुढं आणून एका जागी ठेवतो. यंत्रांच्या पाठीमागची केबल एकदाच लावायची आणि मग तिला हात लावायचा नाही. बदल जो होतो तो पुढं, हातभर लांबीच्या कॉर्डनं.

टेलिफोन एक्सचेंजचा वारसा

ही कल्पना टेलिफोनवाल्यांची. १८७८ साली अमेरिकेत न्यू हेवन इथं पहिलं व्यावसायिक टेलिफोन एक्सचेंज सुरू झालं, आणि १८८२ साली मुंबईतही एक्सचेंज आलं. एक्सचेंजमध्ये समोर सॉकेटचा फळा आणि हातात कॉर्ड असलेला माणूस बसे. एका घराचा फोन दुसऱ्या घराला जोडायचा म्हणजे दोन सॉकेटमध्ये कॉर्ड लावायची. त्या फळ्यांसाठी घडलेली पाव इंची, म्हणजे ६.३५ मिलिमीटरची पिन आजही गिटारला, मोठ्या हेडफोनला आणि माझ्या पॅचबेला लागते. रेडिओ केंद्रं आणि ध्वनिमुद्रण कंपन्या उभ्या राहिल्या तेव्हा हाताशी असलेलं सामान टेलिफोनचंच होतं. १९ इंची रॅक तिकडूनच आला. आवाजाची पातळी मोजताना आम्ही शून्य म्हणून जे ०.७७५ व्होल्ट धरतो, तेही टेलिफोनच्या ६०० ओमच्या लाइनवर एक मिलिवॉट शक्ती देणारं व्होल्टेज आहे.

माझी मावशी तालुक्याच्या गावी टेलिफोन ऑपरेटर होती. ट्रंक कॉल जोडण्यात तिची उमेदीची वर्षं गेली. माझा पॅचबे पहिल्यांदा पाहिला तेव्हा तिनं नेमका प्रश्न विचारला : “अगं, कॉर्ड लावलेली नसते तेव्हा काय कशाला जोडलेलं असतं?” तिच्या फळ्यावर कॉर्ड लावल्याशिवाय कुणीच कुणाशी बोलू शकत नसे. स्टुडिओच्या पट्टीत मात्र कॉर्ड नसतानाही बरंच काही जोडलेलं असतं, आणि सगळी अक्कल तिथंच लागते.

कॉर्ड नसतानाची वाट

रिवाज असा की वरच्या रांगेत यंत्रांतून बाहेर येणारे आवाज आणि खालच्या रांगेत यंत्रांत आत जाणारे. वरचं एक सॉकेट आणि त्याच्या बरोबर खालचं सॉकेट ही जोडी. सॉकेटच्या आत धातूच्या स्प्रिंगपट्ट्या असतात. पुढं काही खुपसलेलं नसेल तर त्या पट्ट्या वरच्याचा आवाज आपोआप खालच्याला देतात. याला ‘नॉर्मल’ जोडणी म्हणतात. पाटाचं पाणी जसं आपल्या ओघानं सरळ वाहत राहतं आणि शेतकरी दारं धरायला उभा राहिला की वाफ्यात वळतं, तशी ही वाट आहे. कॉर्ड लावणं म्हणजे दारं धरणं.

ही जोडणी तीन तऱ्हांची असते. पूर्ण नॉर्मलमध्ये वर किंवा खाली, कुठंही पिन घातली की आपोआपची वाट तुटते. अर्ध-नॉर्मलमध्ये खाली पिन घातली तरच तुटते. वर घातली तर वाट चालूच राहते आणि त्याच आवाजाची आणखी एक प्रत कॉर्डमधून बाहेर मिळते. तिसऱ्या तऱ्हेत वर-खाली काहीच जोडलेलं नसतं. बऱ्याच पॅचबेमध्ये प्रत्येक जोडीसाठी ही तऱ्हा छोट्या बटणानं किंवा आतली पट्टी उलटी करून बदलता येते.

माझ्या २४ जोड्यांची मांडणी अशी आहे. पहिल्या आठ जोड्यांत वर प्रीअँपचे आठ आवाज, खाली इंटरफेसच्या १ ते ८ क्रमांकाच्या वाटा. पुढच्या चार जोड्यांत वर इंटरफेसमधून बाहेर येणाऱ्या चार वाटा, खाली दोन कॉम्प्रेसर आणि इक्वलायझरची डावी-उजवी बाजू. त्यापुढच्या चारमध्ये वर याच यंत्रांतून बाहेर येणारा आवाज, खाली इंटरफेसच्या ९ ते १२ क्रमांकाच्या वाटा. नंतर रिव्हर्बची जाण्याची आणि येण्याची डावी-उजवी, मिळून चार जोड्या. शेवटच्या चार मोकळ्या, कुणी स्वतःचं यंत्र घेऊन आलं तर त्यासाठी. या मोकळ्या सोडल्या तर बाकी सगळं अर्ध-नॉर्मल.

यातून एकही कॉर्ड न लावता दोन कामं होतात. माइकचा आवाज सरळ मुद्रित होतो. आणि मुद्रण झाल्यावर मिश्रण करताना कॉम्प्युटरमधला कुठलाही ट्रॅक कॉम्प्रेसरमधून फिरवून परत आणता येतो. अशी फेरी मारताना आवाज थोडा उशिरा परततो, पण मुद्रणाची बहुतेक चांगली सॉफ्टवेअर एक टिचकी बाहेर पाठवून ती किती नमुन्यांनी परत आली हे मोजतात आणि तेवढा फरक भरून काढतात.

आता गायिका बसली आहे, आणि मला तिचा आवाज गातानाच कॉम्प्रेसरमधून घ्यायचा आहे. मी एकच कॉर्ड लावते : वरच्या रांगेतल्या पहिल्या सॉकेटमधून, म्हणजे तिच्या प्रीअँपमधून, खालच्या रांगेत कॉम्प्रेसरच्या सॉकेटमध्ये. वर पिन घातल्यानं मूळ वाट तुटत नाही, म्हणून कच्चा आवाज पहिल्या ट्रॅकवर जातच राहतो. कॉम्प्रेसरमधून बाहेर येणारा आवाज त्याच्या नॉर्मल वाटेनं नवव्या ट्रॅकवर जातो. एका कॉर्डनं दोन मुद्रणं. हेडफोनमध्ये तिला नववा ऐकवायचा. एखाद्या तानेला कॉम्प्रेसरनं जास्त दाबलं असं नंतर वाटलं, तर पहिला ट्रॅक शाबूत असतो. अशी बंदिश, असा मूड पुन्हा मिळेलच असं नसतं. म्हणून मला ही जोडणी इतकी मोलाची वाटते.

एक नियम इथं काटेकोर पाळायचा. एक आवाज दोन यंत्रांना दिला तर बिघडत नाही. कारण बाहेर काढणाऱ्या यंत्राचा अंतर्गत रोध साधारण शे-दोनशे ओम आणि आत घेणाऱ्याचा दहा हजार ओम किंवा जास्त असतो. त्यामुळं दुसऱ्या यंत्राचा भार फारसा जाणवत नाही. पण दोन यंत्रांचे बाहेर येणारे आवाज कॉर्डनं एका सॉकेटमध्ये एकत्र करायचे नाहीत. ती दोन्ही एकमेकांना ढकलत बसतात, आवाज फाटतो आणि यंत्रांवर ताण येतो. आवाज एकत्र करण्याचं काम मिक्सरचं.

पट्टीवर काय आणायचं नाही

माइकच्या केबल माझ्या पॅचबेवर येत नाहीत, त्या सरळ प्रीअँपला जातात. कंडेन्सर माइकला प्रीअँपकडून त्याच केबलमधून ४८ व्होल्ट मिळतात. पाव इंची पिन सॉकेटमध्ये सरकताना तिचं टोक आणि मधलं कडं क्षणभर नको त्या पट्ट्यांना शिवतं. तेवढ्यात ४८ व्होल्ट शॉर्ट होऊन कानठळी बसेल असा धप्प आवाज येतो, आणि प्रीअँपला किंवा नाजूक रिबन माइकला इजा होऊ शकते. माइकच्या लाइनसाठी तीन पिनांची एक्सएलआर जोडणीच योग्य, कारण तिच्यात प्रत्येक पिन आपल्या जागीच बसते.

स्पीकरच्या केबलही मी पट्टीबाहेर ठेवल्या आहेत. चुकून भलती कॉर्ड उपसली तर त्याचा फटका स्पीकरला आणि माझ्या कानांना बसायला नको. कॉम्प्युटरच्या डिजिटल केबलचं तर या पट्टीवर कामच नाही.

दोन तारा कशाला

चांगल्या ऑडिओ केबलमध्ये आत पीळ दिलेल्या दोन तारा आणि त्यांच्यावर जाळीचं आवरण असतं. दोन्ही तारांवर एकच आवाज असतो, पण एकमेकांच्या उलट. एकीवर व्होल्टेज वर जातं तेव्हा दुसरीवर खाली येतं. वाटेत विजेच्या लाइनचा, मोबाइलचा, लिफ्टच्या मोटारचा जो त्रास शिरतो, तो मात्र दोन्ही तारांवर जवळजवळ सारखाच शिरतो. पलीकडचं यंत्र दोन तारांमधला फरक घेतं. उलट असलेला आवाज दुप्पट होतो आणि सारखा असलेला त्रास वजा होऊन जातो. याला बॅलन्स्ड लाइन म्हणतात.

यामुळंच तीन भागांची पिन दिसली की ती कुठंही चालेल असं समजायचं नाही. हेडफोनच्या पिनेलाही टोक, कडं आणि दांडा असे तीनच भाग असतात, पण तिथं टोकावर डावा आवाज आणि कड्यावर उजवा. आमच्याकडं हा प्रश्न तानपुऱ्यापायी नेहमी येतो. गायक मोबाइलमधला तानपुरा घेऊन येतात. मोबाइलची स्टिरिओ केबल बॅलन्स्ड सॉकेटमध्ये सरळ घातली, तर इंटरफेस डाव्यातून उजवं वजा करतो. दोन्हीकडं एकच तानपुरा असेल तर उत्तर येतं शून्य! मोबाइल वाजतोय, लाइट लुकलुकतोय, आणि स्पीकरमध्ये शांतता. त्यासाठी डावी-उजवी बाजू वेगळी करणारी केबल लागते. तिच्यापुढं डीआय बॉक्स नावाची छोटी डबी ठेवली तर आतला ट्रान्सफॉर्मर आवाज बॅलन्स्ड करून देतो आणि मोबाइलच्या चार्जरची घरघरही अडवतो.

हम आणि तीव्र मध्यम

आपल्याकडं वीज २३० व्होल्टची, सेकंदाला ५० आवर्तनांची. ध्वनिमुद्रणात ती शिरते तेव्हा ५० हर्ट्झ आणि त्याच्या पटीतले १००, १५०, २०० हर्ट्झ असे सूर ऐकू येतात. यालाच हम म्हणतात. १०० हर्ट्झ हा सूर पेटीवरच्या मंद्रातल्या पांढरी पाचच्या थोडा वर लागतो. काळी एकला गाणाऱ्या बुवांच्या हिशेबानं तो तीव्र मध्यम आणि पंचम यांच्या मधे कुठंतरी बसतो. खालून तानपुरा पंचम देतोय आणि त्याच्या पोटात हा बेसूर अखंड घुमतोय. ऐकणाऱ्याला दोष सांगता येत नाही, पण सूर भरल्यासारखा वाटत नाही. आपल्या संगीतात तानपुऱ्यामागची शांतता हा गाण्याचाच भाग आहे. म्हणून हम काढण्याच्या कामात मी तडजोड करत नाही.

हमचं सगळ्यांत नेहमीचं कारण म्हणजे अर्थिंगचं वेटोळं. दोन यंत्रं वेगवेगळ्या भिंतींवरच्या प्लगमधून अर्थ घेतात आणि ऑडिओ केबलच्या जाळीनंही एकमेकांना जोडलेली असतात. असं बंद वेटोळं तयार झालं की आजूबाजूच्या विजेच्या लाइन त्यात प्रवाह निर्माण करतात. उपाय साधा आहे. रॅकमधली सगळी यंत्रं, कॉम्प्युटर आणि स्पीकर यांना एकाच ठिकाणाहून वीज द्यायची. अशा घरगुती रॅकला काहीशे वॉट लागतात. ६ अँपिअरचा एक पॉइंट २३० व्होल्टला १,३८० वॉट देतो, म्हणजे तो पुरतो. एसी वेगळ्या एमसीबीवर घ्यायचा. पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, डिमर आणि चौकोनी लहर देणारे स्वस्त इन्व्हर्टर ही घरातली तीन मोठी गुणगुणणारी ठिकाणं. मुद्रण चालू असताना ती बंद हवीत. इन्व्हर्टर घ्यायचाच असेल तर साइन वेव्हचा घ्यावा.

आणि एक गोष्ट कळकळीनं सांगते. हम जावा म्हणून प्लगची अर्थची पिन कापून टाकण्याचा सल्ला काही लोक देतात. तो ऐकू नका. ती पिन माणसाच्या जिवासाठी आहे. यंत्रात बिघाड होऊन त्याच्या पत्र्यावर फेज आली, तर तो प्रवाह जमिनीत जाण्याची वाट तीच आहे. ती कापली तर वाट माइकला ओठ टेकवून उभ्या असलेल्या गायिकेच्या अंगातून जाईल. वेटोळं तोडायचं असेल तर ऑडिओच्या वाटेत ट्रान्सफॉर्मर टाका. स्टुडिओ मांडण्यापूर्वी चांगला वायरमन बोलावून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातलं व्होल्टेज मोजून घ्या. ते एक-दोन व्होल्टच्या आत असावं. जास्त आलं तर आधी इमारतीचं अर्थिंग दुरुस्त करून घ्यायचं, माइक मग घ्यायचा.

कागद, केबल, सोल्डर

प्रत्यक्ष वायरिंगला लागण्याआधी मी वहीत सगळ्या यंत्रांची यादी करते. प्रत्येकात किती आवाज आत जातात, किती बाहेर येतात, बॅलन्स्ड आहेत का, पातळी व्यावसायिक की घरगुती. मग दोन रांगा आखून पेन्सिलीनं जोड्या भरते. माझ्याकडं रोज काय होतं हा प्रश्न प्रत्येक जोडीला विचारायचा. रोज होणारं कॉर्डशिवाय व्हायला हवं, कधीमधी होणारं एका कॉर्डनं. एखाद्या कामाला वरचेवर चार-चार कॉर्ड लागत असतील तर मांडणी बदलायची. एका कागदी पट्टीवर तेव्हाच्या बैठकीची नावं लिहून ती पॅचबेच्या वर चिकटवते : गायन, दायाँ, डग्गा, पेटी, तानपुरा एक, तानपुरा दोन. साथीला बसलेल्या तबलजीलाही ती वाचता येते.

केबल घेताना लांबी रॅकच्या आतल्या वळणानिशी मोजावी. यंत्र दुरुस्तीसाठी पुढं ओढता येईल इतकी ढील हवी, गुंता होईल इतकी नको. आठ वाटा एकत्र नेणारी मल्टिकोर केबल रॅक सुटसुटीत ठेवते. तिच्या एका टोकाला बहुधा २५ पिनांचा एकच कनेक्टर असतो, दुसऱ्या टोकाला आठ सुट्या पिना. विजेच्या वायर रॅकच्या एका बाजूनं, ऑडिओच्या दुसऱ्या बाजूनं. जिथं एकमेकींना ओलांडावंच लागतं तिथं काटकोनात. प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना क्रमांक, आणि तोच क्रमांक वहीत.

कनेक्टर आणि केबल पुण्यात तपकीर गल्लीत मिळतात, मुंबईत लॅमिंग्टन रोडला. तयार केबल घेतली तरी चालते, पण सोल्डरिंग शिकून घ्यावं असा माझा आग्रह आहे. ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिशाचं सोल्डर १८३ अंश सेल्सिअसला एकदम वितळतं आणि एकदम घट्ट होतं, म्हणून नवशिक्याला सोपं जातं. आयर्न ३५० अंशांच्या आसपास. आधी तारेला आणि कनेक्टरच्या पायाला थोडं सोल्डर पाजायचं, मग दोन्ही एकत्र तापवायचे, आणि थंड होईतो हात हलवायचा नाही. सांधा गुळगुळीत, चमकदार दिसायला हवा. खिडकी उघडी ठेवायची, आणि शिशामुळं काम झाल्यावर हात साबणानं धुवायचे.

जोडणी झाली की प्रत्येक वाटेतून एक स्थिर सूर सोडून पलीकडं पातळी बघायची. बॅलन्स्ड केबलमधली एकच तार सुटली असेल तरी आवाज येतो, म्हणून कानाला फसायला होतं. पण पातळी बऱ्याचदा सुमारे ६ डेसिबलनं घसरलेली दिसते आणि लाइन हम पकडू लागते. असा दोष कामाच्या दिवशी सापडण्यापेक्षा आदल्या दिवशी सापडलेला बरा.

पावसाळ्यातली देखभाल

पॅचबेचा आपल्याकडचा खरा शत्रू दमट हवा. नॉर्मल जोडणी आतल्या स्प्रिंगपट्ट्यांच्या एकमेकींना टेकण्यावर चालते. महिनोन् महिने एखाद्या सॉकेटला हात लागला नाही तर पट्ट्यांवर पुट चढतं. आवाज कधी येतो, कधी कुरकुरतो, कधी एक बाजू पडते. कॉर्ड घालून काढली की लगेच नीट होतो, तेव्हा दोष कुठं आहे ते कळतं. म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर आणि पुन्हा दसऱ्याच्या सुमाराला मी प्रत्येक सॉकेटमध्ये स्वच्छ पिन अनेकदा आत-बाहेर करते. गरज पडली तर पिनेच्या टोकाला कॉन्टॅक्ट क्लीनरचा हलका फवारा. रत्नागिरी, मालवण, गोवा अशा किनाऱ्यावरच्या गावांत हवेत मीठ असतं. तिथं हे काम जास्त वेळा करावं लागेल आणि खोलीत ओलावा शोषणारं यंत्र ठेवणंही योग्य ठरेल.

कुणाला लागतो, कुणाला नाही

एक माइक, एक इंटरफेस आणि लॅपटॉप एवढ्यावर वाचन किंवा मुलाखत मुद्रित करणाऱ्याला पॅचबे लागत नाही. त्यानं ते पैसे खोली शांत करण्यावर घालावेत. प्रीअँप, कॉम्प्रेसर, रिव्हर्ब अशी दोन-तीन यंत्रं आली, आणि त्यांची जागा कलाकाराप्रमाणं बदलू लागली, की पॅचबेची वेळ झाली असं समजावं. ४८ सॉकेटची पाव इंची पट्टी रॅकमध्ये १.७५ इंच उंचीची जागा घेते आणि घरच्या कामाला पुरते. मोठे स्टुडिओ ४.४ मिलिमीटरच्या बारीक पिनांची ९६ सॉकेटची पट्टी वापरतात. ती टिकाऊ असते, पण महाग, आणि तिच्या पाठीमागची जोडणी अनेकदा सोल्डर करूनच करावी लागते.

आज सांगलीत, नांदेडला, सावंतवाडीत लोक घरच्या खोलीत ध्वनिमुद्रण करू लागले आहेत. भजनी मंडळं, कीर्तनकार, दशावतारातले गाणारे, शाहीर यांना आता प्रत्येक वेळी मुंबई-पुणं गाठायची गरज उरलेली नाही. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. या मंडळींचा आवाज त्यांच्या गावात, त्यांच्या साथीदारांसह, त्यांच्या सवडीनं मुद्रित व्हावा. पण त्यासाठी खोलीतल्या माणसाची तयारी पक्की हवी. ऐंशीच्या घरातले बुवा पहिला अभंग ज्या उमेदीनं म्हणतात ती पाचव्या वेळी राहत नाही. त्यांनी सूर लावला की आपण लगेच “हं, चालू द्या” म्हणू शकलो पाहिजे. म्हणून नवं यंत्र घेण्याआधी वही उघडा, दोन रांगा आखा, आणि तुमच्याकडं कोण गायला येतं त्यांची नावं सगळ्यांत आधी लिहा. जोड्या त्यावरून ठरू द्या.